आईची किडनी, तरी गोळ्या कशाला?

"मॅडम, किडनी माझी, पोरगं माझं. मग त्याचं अंग तिला परकं कसं मानतंय ओ?" सोलापूरच्या पूर्व भागातल्या मावशींनी विचारलं तेव्हा मुलगा खाली मान घालून बसला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

प्रत्यारोपणाला दीड वर्ष झालेलं. दुखणं नाही, ताप नाही, लघवी व्यवस्थित. तरी क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की वाढतो) १.२ वरून १.९. रिजेक्शन, म्हणजे अंगाने किडनी नाकारणं, बहुतेकदा असंच गुपचूप येतं, रिपोर्टातच आधी दिसतं.

मावशींना म्हटलं, आईकडून मुलाला पेशींवरच्या खुणांचा निम्माच संच मिळतो. तुमचा उरलेला निम्मा त्याच्या अंगाला परकाच. बॉस्टनला १९५४ मध्ये पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांत. तिथे खुणा तंतोतंत जुळल्या, म्हणून रिजेक्शन रोखणाऱ्या या गोळ्यांविना निभावलं. आई-मुलात तसं होत नाही.

मग मावशींना बाहेर बसवून मुलाशी बोलले. चहा दिला, तर कप बशीवर खडखडत होता. तेव्हा कुठे तो बोलला. "टॉवेलच्या मागावर आहे मी. धागा तुटला की गाठच बसेना. म्हणून टॅक्रोलिमसची गोळी अर्धी केली, दोन महिने झाले."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"ओरडतील की."

ओरडा खाऊनही सांगायला हवं होतं. पण माझंही चुकलं. कंप हा या औषधाचा ओळखीचा त्रास आहे, आणि हाताचं काम करणाऱ्या पोराला तो मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. डॉक्टर रक्तातली औषधाची लेव्हल बघून डोस बदलू शकतात.

परकी खूण दिसली की टी-पेशी, म्हणजे रक्तातले पहारेकरी, हाकाटी करून बाकीच्यांना गोळा करतात. टॅक्रोलिमस ती हाकाटीच दाबतं, मायकोफेनोलेट पेशींची वाढ रोखतं, प्रेडनिसोलोन सूज आवरतं. औषध रक्तात असेल तोवरच हे चालतं. गोळ्यांनी टी-पेशींची ओळख पुसली जात नाही, म्हणून 'आता किडनी रुळली' हा हिशेब लागू पडत नाही. जंतूंशी लढणारं सैन्यही याच गोळ्यांनी मंदावतं, हे खरं. म्हणून ताप आला तर त्याच दिवशी फोन करायचा. मेडिकलमधून मनाने वेदनाशामक आणायचं नाही.

बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा तपासल्यावर, रिजेक्शनच निघालं. तीन दिवस स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली. क्रिएटिनिन १.५ वर थांबलं, १.२ काही परत आलं नाही. पुढे डॉक्टरांनी लेव्हल बघत डोस बसवला.

"मग गोळ्या बंद कधी?" मावशींनी निघताना विचारलंच.

"किडनी चालतीय तोवर चालूच, मावशी."

लेव्हल गोळी घेण्याआधीच मोजतात, म्हणून पुढच्या खेपेला तो आला तो सकाळची गोळी न घेता. ती शर्टाच्या खिशात होती. रक्त दिलं, नळावर गेला आणि तिथेच गिळली. हात अजून थोडा थरथरत होता. हे मात्र या वेळी त्याने डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं.