विझत चाललेला स्रोत इन्फ्रारेडमध्ये बघायचा तर

बाळ, खानापुरात पावसाळाभर आकाश दिसत नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. आकाशात अचानक उजळून विझत जाणारा स्रोत इन्फ्रारेडमध्ये टिपायचं हे काम तसंही गच्चीवरून होण्यातलं नाही. लडाखमधल्या हानलेची 2 मीटरची दुर्बीणसुद्धा बंगळूरजवळच्या होसकोटेतून चालवतात. तू तोवर जुना, सगळ्यांना खुला असलेला डेटा घेऊन बस.

सुरुवात 17 ऑगस्ट 2017 च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीपासून कर. निळा प्रकाश काही दिवसांत ओसरला, इन्फ्रारेड मात्र आठवडे टिकला. टकरीत तयार झालेली लँथनाइड गटातली जड मूलद्रव्यं निळा प्रकाश अडवतात, म्हणून. मला आजही हे विलक्षण वाटतं.

खरी झुंज आकाशाशी असते. इन्फ्रारेडमध्ये हवाच चमकते, आणि ती चमक मिनिटामिनिटाला बदलते. म्हणून छोटी छोटी एक्स्पोजर घेतात, दर वेळी दुर्बीण किंचित सरकवतात आणि त्याच चित्रांतून आकाश काढून वजा करतात. ही वजाबाकी एकदा तरी स्वतः कर. तयार सॉफ्टवेअरवर लगेच विसंबू नकोस. स्रोत दीर्घिकेत बुडालेला असेल तर दीर्घिकेचा प्रकाश वजा करायला तो पुरता विझल्यावरचं चित्रही लागतं.

तेजस्विता टूमास (2MASS) या इन्फ्रारेड आकाश-सर्वेक्षणातल्या ताऱ्यांशी ताडून बघ, पण तिथली तेजस्विता वेगा पद्धतीत, म्हणजे वेगा (अभिजित) ताऱ्याच्या तुलनेत असते. एबी या दुसऱ्या मोजपद्धतीशी गल्लत केलीस तर इन्फ्रारेडच्या एच पट्ट्यात तेजस्वितेच्या जवळपास 1.4 प्रतींचा (मॅग्निट्यूडचा) फरक पडेल. आणि स्रोत दिसलाच नाही, तरी किती मंद स्रोतापर्यंत दिसलं असतं ती मर्यादा वेळेसकट नक्की लिही. स्रोत कसा मंदावत गेला याचा आलेख मांडणाऱ्याला तीही लागते.