दुसऱ्या पेशंटने ढकललं, जबाबदारी कोणाची?

प्रश्न: स्मृतिभ्रंश झालेली माझी आई पुण्यातल्या एका खासगी केअर सेंटरमध्ये आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळी शेजारच्या खोलीतल्या आजी येऊन तिच्या पलंगावर झोपल्या. आईने उठवलं, तर त्यांनी ढकललं आणि आईचं मनगट मोडलं. त्या आजी याआधीही दुसऱ्या दोघींच्या अंगावर धावून गेल्या होत्या, असं तिथल्या एक मावशी सांगतात. सेंटर म्हणतं, "दोघी पेशंट, आम्ही काय करणार? दाखल करताना तुम्ही सही केली आहे. हवं तर त्यांना संध्याकाळी खुर्चीला बांधू." त्या आजींवर पोलीस तक्रार करू का?

उत्तर: ताई, त्यातून काही हाती लागणार नाही. आपण काय करतोय हे आजारामुळे कळतच नसेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 नुसार तो गुन्हा ठरत नाही. त्या आजी आपलाच पलंग समजून झोपल्या असणार.

तुमचं भांडण सेंटरशी आहे. पहिल्या वेळी अपघात म्हणता आलं असतं; दोनदा घडूनही बंदोबस्त बदलला नसेल, तर ती सेवेतली त्रुटी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. वकील लागतोच असं नाही (माझ्याच पोटावर पाय देऊन सांगते आहे). छापील फॉर्मवरच्या सहीने निष्काळजीपणा माफ होत नाही.

मावशींचं नाव मात्र कुठेही घेऊ नका, त्यांची नोकरी जाईल. त्याऐवजी घटनांची नोंदवही आणि त्या संध्याकाळचा ड्युटी चार्ट ईमेलने मागा. सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायलाही त्यातच सांगा, आणि हे आजच करा. जुन्या फुटेजवर नवं रेकॉर्डिंग चढत जातं.

बांधण्याला ठाम नकार द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 97: तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून बांधता येतं, माणसं कमी आहेत म्हणून नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवा, असंही म्हणा. बहुतेक ठिकाणी या प्रश्नाने सूर बदलतो.

मग काय हवं? तिन्हीसांजेला या रुग्णांची घालमेल वाढते, आणि अनेकदा नेमकी तेव्हाच कर्मचाऱ्यांची पाळी बदलते. त्या वेळेत पॅसेजमध्ये एक माणूस फक्त लक्ष ठेवायला हवा. प्रत्येकीच्या दारावर तिचा मोठा फोटो हवा. त्या आजींची वैद्यकीय तपासणीही करायला सांगा. अचानक आलेल्या चिडखोरपणामागे कधी लघवीचा संसर्ग असतो, कधी न सांगता येणारं दुखणं. हे सगळं तारखेसह लेखी घ्या.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर नोटीस पाठवा. तोवर महिन्याचं बिल वेळेवर भरा. थकबाकीच्या नावाखाली आईला बाहेर काढायचं निमित्त त्यांना मिळू देऊ नका.