लॅपटॉपचा व्हॉल्यूम कमी ठेवला की बिट्स उडतात का?

तुम्ही विचारलंय की लॅपटॉपचा व्हॉल्यूम 20 टक्के आणि अ‍ॅम्पचा (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा) नॉब फुल असं ठेवलं तर क्वालिटी जाते का. जाते, पण बिट्समुळे नाही हो.

बिट म्हणजे आवाज आकड्यांत लिहायची एकेक जागा. एक बिट म्हणजे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात हळू आवाजातलं ढोबळ 6 डेसिबल अंतर (हीच रेंज), 16 बिटच्या सीडीचे झाले 96. डिजिटल व्हॉल्यूम म्हणजे नुसता गुणाकार, 30 डेसिबल कमी केले की 5 बिट खाली सरकतात, डॅक (आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करणारा भाग) 16 बिटचाच असेल तर ते खरंच कापले जातात. पण आता साधे डॅकही 24 बिटचे, खाली 8 बिटांची जागा रिकामी (सेटिंगमध्ये आउटपुट 24 वर आहे ना ते तेवढं बघा). कागदावर 144 होतात म्हणून हुरळू मात्र नका, चांगला डॅकही प्रत्यक्षात 115-120 च देतो, त्याखाली त्याची स्वतःची सरसर. म्हणजे सीडीच्या 96 वर उरतात ते 20 डेसिबल निवांत कमी करा.

खरी गंमत त्या सरसरीतच आहे. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, रात्री घरचे झोपले की अमीर खाँसाहेबांचा विलंबित लावायचा, अगदी हळू, आणि मंद्रातल्या स्वरामागे सतत सूंऽऽ. मी डॅकवर खापर फोडून नवा आणला, बायकोची बोलणी खाल्ली, फरक जेमतेम. मग गाणं पॉज करून ट्वीटरला (स्पीकरमधल्या उंच स्वरांच्या छोट्या भागाला) कान लावला तर सरसर तेवढीच, लॅपटॉप शून्यावर नेला तरी तेवढीच, अ‍ॅम्पचा नॉब उतरवला तशी मात्र गेली. गाणं मी लॅपटॉपवर दाबत होतो आणि डॅकची सरसर नॉबमधून पूर्ण वाढून येत होती, दोघांतलं अंतर मीच खाल्लेलं! नॉब शून्यावरही सरसर राहिली तर ती अ‍ॅम्पची, तिथे डॅक बदलून काही होत नाही.

आता नॉब घड्याळातल्या 10 वर आणि बाकी सगळं लॅपटॉपवरून. फार खालीही नेऊ नका, स्वस्त पॉटमध्ये (नॉबमागच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागात) तळाशी डावं-उजवं जुळत नाही, माझ्याकडे 8 वर तानपुरा सरळ डाव्या खिडकीत जाऊन बसतो.

एवढं करूनही थोडी सरसर उरेलच, जुन्या टेपची रेंजच साधारण 60-70 डेसिबल, ती रेकॉर्डिंगमधलीच आहे. आणि पंखा चालू असेल तर तीही ऐकू येणार नाही, मे महिन्यात आमच्याकडे तर नाहीच.