फ्रिक्शन पॉलिशची चमक पंधरा दिवसांत जाते, म्हणजे माझा हात बसला नाही का?

तुम्ही विचारलंय की घरी केलेल्या लाकडी पेनांवर फ्रिक्शन पॉलिश, म्हणजे फिरत्या लेथवर घासून चढवायचं चपड्याचं (लाखेचं) पॉलिश, लावलं की आरशासारखं चमकतं पण पंधरा दिवसांत मळकट दिसायला लागतं, तर कोट किती द्यायचे. आणि शेवटी लिहिलंय, "की माझाच हात अजून बसला नाही?" त्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलोय. हात बसलाय तुमचा. पहिल्या दिवशी आरसा दिसतोय म्हणजे सँडपेपर नीट मारलाय, लेथचा स्पीड बरोबर आहे, आणखी काय पाहिजे? "हात बसला नाही" हे मलाही चार माणसांत ऐकावं लागलंय, तेही सख्ख्या भावाकडून.

मी बेळगावचा. उद्यमबागेत टर्नर म्हणून सगळी नोकरी लोखंडावर गेली, लाकडाचा छोटा लेथ नंतर घेतला. आमचे अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, त्याचं शहापुरात फर्निचर पॉलिशचं काम, तीस वर्षं चपडा आणि स्पिरिट. 2022 च्या मे महिन्यात आमचे गणिताचे सर रिटायर झाले तेव्हा आमच्या बॅचनं ठरवलं की सरांना आणि स्टाफला मी केलेली पेनं द्यायची. चोवीस पेनं. लाकूड अण्णानंच दिलं, एका पाडलेल्या जुन्या घराच्या चौकटीचं सागवान आणि सरांसाठी शिसवीचा एक तुकडा. सगळी स्लिमलाईन, म्हणजे बारीक पेनाचं तयार किट, लाकडाच्या आत 7 एमएमची पितळी नळी. 600 पर्यंत पेपर मारला आणि वर पॉलिश लावलं, ते पण तयार बाटलीतलं नव्हे, अण्णानंच मिसळून दिलेलं, विरघळवलेला चपडा, स्पिरिट आणि जवसाचं तेल सारख्या मापानं. कार्यक्रमात सगळे पेनं उजेडात फिरवून फिरवून बघायला लागले तेव्हा मला जे वाटलं ते लोखंडाच्या कामात कधी वाटलं नव्हतं.

गणपतीच्या आत आठ पेनं परत आली. भांडायला कोण आलं नाही, "जरा परत चमकवून दे की" एवढंच. पण लोकांना अण्णाचं दुकान माहीत, तिथंच आणून द्यायचे. एक दिवस मी तिथं असताना, गिऱ्हाईक समोर उभं असताना, अण्णानं त्यातलं एक पेन घेतलं, अंगठ्यानं घासलं आणि म्हणाला, "चपडा कधी दगा देत नाही, तुझा हात कच्चा आहे. लोखंडवाल्याचं काम नव्हे हे." थोरला आहे म्हणून मी काही बोललो नाही.

त्या रात्री आठही पेनं टेबलावर मांडली. स्लिमलाईनला लाकडाचे दोन तुकडे असतात, खालचा आपण धरतो, वरचा क्लिपकडचा. सरांच्या पेनाच्या वरच्या तुकड्यात ट्यूबलाईट जशीच्या तशी दिसत होती. खालच्या तुकड्यावर टोकाच्या जरा वर तीन डाग होते, एक अंगठ्याचा, एक पहिल्या बोटाचा आणि एक लांबट, जिथं मधल्या बोटाचं पेर टेकतं तिथं. तेवढंच लाकूड कोरडं, उघडं पडलेलं, त्याच्या कडेला परत चमक. एका बाईंच्या पेनावर हेच डाग उलट्या बाजूनं होते, त्या डाव्या हातानं लिहितात. आता तुम्हीच सांगा, दोन्ही तुकडे एकाच मँड्रेलवर (लेथवर तुकडे ओवून फिरवायची सळई), एकाच बाटलीतलं पॉलिश, एकाच हातानं लावलेलं. हात कच्चा असता तर वरचा तुकडा कसा टिकला?

कारण साधं आहे. चपडा म्हणजे लाख, ती स्पिरिटमध्ये विरघळते म्हणून तर पॉलिश होतं, पण वाळल्यावरही ती स्पिरिटमध्ये परत विरघळते. घाम आणि साबण तिला सोसत नाहीत. त्यावेळी सॅनिटायझरची सवय अजून सुटलेली नव्हती, त्यात 70 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, आणि सर घरी शिकवणी घ्यायचे, हाताला लावलं की तसंच पेन धरायचे. वर आमचा बेळगावचा पाऊस, ओल्या हवेत चपड्यावर पांढरट झाक येते ती वेगळीच.

अण्णाचा मुद्दा कायम एकच, आपल्या घरातला कलघटगीचा पाळणा बघ, आज्जीच्या काळचा, लाखेचाच आहे की, चन्नपट्टणची खेळणी बघ. बघितलीत मी. तिथं स्पिरिट नसतं, रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात, घासून जी उष्णता होते त्यानं लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानानं घासून चमक आणतात. तो थर जाड असतो. आपलं फ्रिक्शन पॉलिश म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, त्यातही तेल मिसळलेलं. आणि पाळणा कोण दिवसाला चार तास ओल्या बोटांत धरून बसत नाही.

म्हणून मी अण्णालाच दोन पेनं करून दिली, एकाच सागवानाची. एकावर पॉलिश त्यानं स्वतःच्या हातानं लावलं, लेथ तेवढा मी चालवला. दुसऱ्यावर मी सुपर ग्लूचं फिनिश केलं. आठ दिवसांत त्याच्या हातचं पेन धरायच्या जागी चिकट झालं आणि मग निघूनच गेलं, त्याच्या बोटांना तर दिवसभर स्पिरिटच असतं. आज त्याच्या खिशाला सुपर ग्लूवालंच पेन असतं. पण "तुझा हात कच्चा" हे त्यानं अजून मागं घेतलेलं नाही, आणि मला ते अजून लागतं.

तर रोज लिहायच्या पेनाला फ्रिक्शन पॉलिश लावू नका, कुठल्याही कंपनीचं असू दे. पातळ सुपर ग्लूचे सहा-आठ कोट द्या, मग पाणी लावून वापरायच्या बारीक सँडपेपरनं घासा. शिसवी तेलकट असते, तिला आधी अॅसिटोननं पुसून घ्या. वास डोळ्यांत जातो, खिडकी उघडी ठेवा. नाहीतर सरळ ज्या किटला धरायची जागा धातूची असते ते किट घ्या, मग लाकडावर काहीही लावा.

हे सगळं वाचून पॉलिशची बाटली फेकून देऊ नका पण. शिसवीचा रंग चपड्याखाली जसा उघडतो तसा ग्लूखाली उघडत नाही, हे मी अण्णासमोरही मान्य करतो. कीचेन, डबीचं झाकण, शोकेसमधलं पेन, याला तेच लावा. आणि बिघडलं तर लेथवर दोन मिनिटांत परत नवं होतं, ग्लूचं तसं होत नाही, सगळं खरवडावं लागतं.

पॉलिशच्या कोटाचं राहिलं. तीन. चौथ्यानं काही वाढत नाही, नव्या कोटातलं स्पिरिट खालचा कोट परत ओला करतं आणि कड्या दिसायला लागतात. लावल्यावर पेन लगेच कुणाच्या हातात देऊ नका, आठवडाभर तरी राहू दे, चपडा पूर्ण कडक व्हायला वेळ घेतो. वर्षभराची जुनी बाटली असेल तर वापरू नका, ते चिकटच राहतं. जवसाच्या तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतो, पसरून वाळवा. आणि फिरत्या लेथवर पॉलिश लावताना कापड बोटाला गुंडाळायचं नाही, पेपर टॉवेलच घ्यायचा. तो अडकला तर फाटतो. कापड फाटत नाही, बोट घेऊन जातं, उद्यमबागेत मी ते डोळ्यानं बघितलंय.