पहिला गेम कंट्रोलर घेतोयस? आधी हातात धरून बघ
भावा, नुसते फोटो बघून ऑर्डर मारू नकोस, दुकानात जाऊन जरा वेळ हातात धर. माझं मत विचारशील तर एक्सबॉक्सचा, कारण डावी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, वर आहे, अंगठा आपसूक तिथेच पडतो, आणि ट्रिगरवर, म्हणजे मागे बोटाने दाबायच्या बटणांवर, बारीक खरखरीत टिपके आहेत त्यामुळे घामेजलेलं बोट सटकत नाही, फक्त त्याला डबल ए सेल लागतात, रिचार्जेबलच घे. पीएस ५ (प्लेस्टेशन ५) च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरला दोन्ही स्टिक खाली एका रेषेत, काहींचे अंगठे अवघडतात, पण ट्रिगर गेमप्रमाणे कडक होतो, धनुष्य ओढताना खरंच ताण जाणवतो राव! निन्टेन्डो स्विचचा प्रो कंट्रोलर हातात मस्त बसतो, बॅटरीही ४० तासांच्या आसपास, पण ट्रिगर म्हणजे साधं बटण, अर्धवट दाबून हळू ॲक्सिलरेटर देता येत नाही, रेसिंगचं वेड असेल तर तो नकोच.