बाराव्या दिवशी परत रक्त आलं, म्हणजे प्रोस्टेटचं लेझर ऑपरेशन फसलं का?

तुमचा प्रश्न वाचला. वडील ६८ वर्षांचे, प्रोस्टेटचं होलेप म्हणजे लेझरचं ऑपरेशन होऊन १२ दिवस झालेत. आठवडाभर लघवी स्वच्छ होती आणि काल एकदम लाल आली. शिवाय खोकलं किंवा खुर्चीतनं उठलं की कपड्यात थेंब पडतात, म्हणून ते घराबाहेरच पडेनात. ऑपरेशन फसलं का, आणि पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील, असं विचारलंय तुम्ही.

मी डॉक्टर नव्हे. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे, आता मुलगा बघतो. वय ७१. माझं हेच ऑपरेशन दीड वर्षापूर्वी इथंच झालं, त्यामुळं भोगलंय तेवढं सांगतो. डॉक्टरांना आज फोन कराच, पण फसलं असं लगेच धरून बसू नका. मला अकराव्या दिवशी रक्त आलं होतं.

त्या दिवशी सकाळी मला लई बरं वाटत होतं, आणि तिथंच घात झाला. पोराची ॲक्टिव्हा दारात आडवी लावलेली, दूधवाल्याला आत यायला वाट नाही. मी गेलो आणि उचलून डबल स्टँडवर घेतली. चाळीस वर्षं वर्कशॉपात लोखंड उचललेला माणूस मी, स्कूटरचं काय! तासाभरानं बाथरूममध्ये गेलो तर धार सुरुवातीला लालभडक, मग फिकी, आणि शेवटी काळपट गुठळी पडली, डाळिंबाच्या दाण्याएवढी. हातपाय गार पडले. घरात कुणाला बोललो नाही, गुपचूप डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "काय उचललंत?"

मग त्यांनी जे समजावलं ते असं. होलेपमध्ये वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी होल्मियम लेझरनं आतल्या आत सोलून काढतात. मोसंबीचा गर काढावा आणि साल जागेवर राहावी, तसं. सुटलेला गर मूत्राशयात ढकलतात, तिथं यंत्रानं बारीक करून ओढून घेतात आणि तपासणीला पाठवतात. पोटावर टाका नाही, पट्टी नाही. त्यामुळं माणसाला वाटतं आपल्याला काही झालंच नाही. पण आत ती साल सगळी ओली जखम असते आणि तिच्यावरून दिवसातनं आठ-दहा वेळा लघवी जाते. तिच्यावर खपली धरते, आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमाराला ती सुटायला लागते. तेव्हा परत रक्त दिसतं. कुंथलं किंवा वजन उचललं की जास्तच. मला पुढं महिनाभर अधूनमधून दिसत राहिलं.

रंगाचं माझं मोजमाप सोलकढीचं होतं. सोलकढीसारखी गुलाबी आली तर दोन ग्लास पाणी प्यायचं आणि पडून राहायचं, पुढच्या दोन-तीन वेळांत ती निवळते. पाणी पिऊनही बिटाच्या रसासारखी दाट येत राहिली, मोठ्या गुठळ्या पडल्या, लघवी अडली, थंडी वाजून ताप आला किंवा एका बाजूची गोटी सुजून दुखायला लागली, तर मात्र सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी ऑपरेशन केलेल्या ठिकाणी घेऊन जा. गुठळीनं वाट बंद झाली की मूत्राशय फुगत जातं, आणि ती कळ मी ऑपरेशनच्या आधी एकदा सोसलेली आहे. सर्दीची गोळी खाल्ली होती आणि लघवी पूर्ण बंद झाली होती. वाढलेल्या प्रोस्टेटला सर्दीच्या काही गोळ्या सोसत नाहीत हे तेव्हा कळलं. आणि वडिलांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती कधी सुरू करायची, कधी थांबवायची हे डॉक्टरच सांगतील. घरच्या घरी ठरवू नका.

आता थेंबांचं. खरं दुखणं हेच आहे, आणि यावर पुरुषमाणूस तोंड उघडत नाही.

माझी ग्रंथी सोनोग्राफीत ८४ ग्रॅमची निघाली होती. धडधाकट माणसाची २० ग्रॅमच्या आसपास असते. एवढा बोळा वर्षानुवर्षं वाटेत बसलेला, म्हटल्यावर खालच्या स्नायूला लघवी रोखायचं कामच उरत नाही. वरचा कॉक जाम असला की खालचा कुणी घट्ट फिरवत नाही, तसलंच. बोळा काढला, वाट मोकळी झाली, आणि आता सगळा भार त्या आळसावलेल्या स्नायूवर. त्यात ऑपरेशनमध्ये तोही थोडा ताणला जातो. दुसरीकडं मूत्राशयाला इतकी वर्षं जोर लावायची सवय लागलेली, ते उगाच घाई करतं. म्हणून वडिलांना एक नीट विचारा: खोकताना-उठताना गळतं, की लागल्यावर बाथरूमपर्यंत जाईस्तोवर गळतं? पहिल्याला व्यायाम, दुसऱ्याला कधीकधी गोळी देतात. मला दोन्ही होतं.

ऑपरेशनवेळी लघवीसाठी घातलेली नळी दोन दिवसांनी काढली. त्यानंतरची पहिली लघवी मी विसरणार नाही. आधी एसटी स्टँडवर मी उभा असायचो आणि शेजारी तीन माणसं येऊन जायची. त्या दिवशी धारेचा आवाज आला. आवाज! जळजळ होत होती तरी मी हसत होतो. आणि बाहेर येऊन वाकून चप्पल घातली तर पायजमा ओला.

पहिले पंधरा दिवस दिवसाला चार पॅड लागले. मेडिकलमधनं पेपरात गुंडाळून आणायचो, तेसुद्धा आमच्या गल्लीतल्या नव्हे, पार राजारामपुरीत जाऊन. रंकाळ्यावरचं फिरणं बंद केलं. मित्रांना सांगितलं गुडघा धरलाय. शेवटी सौ. म्हणाली, "अहो, काळी पँट घाला आणि जावा की. कोण बघतंय तुमच्याकडं?" तसा गेलो. कुणी बघितलं नाही. वडिलांनाही काळी पँट द्या, खिशात एक जादा पॅड द्या आणि घराबाहेर काढा. घरात बसून नुसतं त्याच्याच विचारात माणूस खचतो.

व्यायाम असा: वारा रोखताना जो स्नायू आवळतो तोच आवळायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा, पुन्हा पाच मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातनं तीनदा. पोट, मांड्या ढिल्या, श्वास चालू. योगवर्गाला गेलेले असतील तर त्यांना अश्विनी मुद्रा म्हटलं की समजेल. खोकायच्या किंवा उठायच्या आधी आवळायची सवय लावायची. धार मध्येच थांबवून सराव करू नका, त्यानं मूत्राशय नीट रिकामं होत नाही. माझे चारचे दोन पॅड व्हायला महिना गेला, आणि अडीच महिन्यांनी शेवटचं पाकीट अर्धं उरलं ते उरलंच. बहुतेकांचं तीन महिन्यांत थांबतं असं मला सांगितलं होतं. काहींना सहा लागतात.

खाण्याचं म्हणाल तर कोल्हापूरकराला पहिली चिंता तांबड्या रश्शाची. तिखटानं काहींची जळजळ वाढते, माझी वाढली. महिनाभर तांबडा आणि मिसळ बंद ठेवली, चहा दोनवर आणला. पण तिखटापेक्षा बद्धकोष्ठ वाईट. कुंथणं म्हणजे स्कूटर उचलण्यासारखंच. रात्री इसबगोल, दुपारी ताक, पपई. पाणी दिवसभरात अडीच लिटर, थोडं थोडं, संध्याकाळी सातनंतर कमी. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. दुचाकी मला महिनाभर बंद होती, आणि आपले रस्ते बघता ते बरंच झालं.

एक गोष्ट मला आधी कुणी नीट सांगितली नाही. फॉर्मवर छापलेली होती, मी न वाचता सही ठोकली. या ऑपरेशननंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर येत नाही, मागं मूत्राशयात जातं आणि लघवीतनं निघून जातं. जोम जात नाही, सुख जात नाही, अपाय काही नाही. पण माहीत नसताना पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आठ दिवस गप्प होतो. तुम्हाला मुलगा किंवा मुलगी म्हणून हे बोलता येणार नाही, मग डॉक्टरांना सांगा, ते त्यांना एकट्याला बसवून सांगतील.

तीन महिन्यांनी माझी धार मोजली, सेकंदाला २१ मिली. आधी ७ होती. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात तो आकडा, ५ च्या वर होता तो १ च्या खाली आला. हा रिपोर्ट जपून ठेवा, पुढं दरवर्षीचा आकडा याच्याशीच ताडून बघतात. ग्रंथीचा तपासणी रिपोर्टही मागून घ्या. आणि चांगली झालेली धार काही महिन्यांनी परत बारीक व्हायला लागली तर दाखवा, कधीकधी लघवीची वाट आत आवळते.

आज मात्र फोन करायच्या आधी वडिलांना एवढं विचारा, काल काय उचललं होतं? पाण्याची बादली, नातवंड, तांदळाचं पोतं? पहिल्यांदा "काही नाही" म्हणतील. आईला विचारा.