सॉफ्टवेअर टीम सांभाळताना स्वतःसाठी वेळच उरत नाही. हे असंच असतं, की मीच कमी पडतोय?

तुम्ही लिहिलंय की आठ जणांची टीम आहे, दीड वर्षापूर्वी डेव्हलपर पदावरून मॅनेजर झालात, दिवस मीटिंगांत जातो, खरं काम रात्री दहानंतर सुरू होतं आणि रविवारीही लॅपटॉप उघडल्याशिवाय चैन पडत नाही. शेवटी विचारलंय, 'मीच कमी पडतोय का?' त्या एका ओळीसाठी हे लिहायला बसले. नाही, तुम्ही कमी पडत नाही आहात. पण वेळेचं नियोजन सुधारलं की सगळं सुटेल, असं कोणी सांगितलं असेल तर तेही मला पटत नाही. मी दोन वर्षं तेच करून पाहिलंय.

मी सहा वर्षं टीम सांभाळतेय. सुरुवातीला पहाटे उठून पाहिलं, कॅलेंडरवर रंगीत चौकोन आखले, रोजचे दोन तास 'फोकस टाइम' म्हणून अडवून ठेवले. पहिल्याच आठवड्यात त्या दोन तासांवर दुसऱ्यांच्या मीटिंगा येऊन बसल्या आणि मीच त्या स्वीकारल्या, कारण मी गेले नसते तर निर्णय अडला असता. हे जे 'मी गेले नाही तर अडेल' आहे ना, खरं दुखणं तिथे आहे.

फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रचंड प्रकल्पाचं काम सांभाळलं होतं. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसं घातली तर तो आणखी लांबतो, हे त्यांनी १९७५ साली मांडलं. त्यामागचं एक कारण साध्या गणिताचं आहे. पाच माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात १०. तुम्हाला धरून तुमची टीम नऊ जणांची, म्हणजे जोड्या ३६. माणसं दुप्पटही झाली नाहीत, पण बोलण्याच्या वाटा साडेतीनपटीहून जास्त वाढल्या. आणि बहुतेक टीममध्ये यातल्या बऱ्याचशा वाटा आपोआप मॅनेजरच्या टेबलावरून जायला लागतात. तसं कोणी ठरवलेलं नसतं. तुम्हाला जुना कोड माहीत असतो, तुम्ही पटकन उत्तर देता, म्हणून लोक विचारत राहतात.

आता दुसरं गणित. रांगांचं शास्त्र म्हणून एक विषय आहे. त्यातल्या अगदी साध्या मॉडेलमध्ये, माणूस ८० टक्के गुंतलेला असेल तर त्याच्याकडे आलेलं काम हातावेगळं व्हायला, तो पूर्ण मोकळा असताना लागेल त्याच्या सरासरी पाचपट वेळ लागतो, ९० टक्के गुंतलेला असेल तर दहापट, ९५ टक्के असेल तर वीसपट. म्हणजे सकाळी ११ वाजता तुम्हाला विचारलेल्या पाच मिनिटांच्या प्रश्नाचं उत्तर दुपारी १२:४० ला मिळतं, यात तुमचा आळस कुठेच नाही. तुमच्या दिवसात मोकळी जागाच ठेवलेली नाही, म्हणून रांग लांबते. ती लांबलेली रांग तुम्ही रात्री उपसता.

मला हे उमगलं ते एका वहीमुळे. दोन आठवडे मी एकच केलं. कोणी 'दोन मिनिटं आहेत का?' म्हणून आलं की काय विचारलं ते एका ओळीत लिहायचं. चॅटवरचंसुद्धा. दहा दिवसांत ११४ ओळी झाल्या. वाचताना पोटात कालवलं, कारण जवळजवळ सगळ्या तीनच प्रकारच्या होत्या. या दोन टिकेटांतलं (नोंदवलेल्या कामांतलं) आधी कुठलं घेऊ? माझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल सामील करायची विनंती, अप्रूव्ह करशील का? प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिमवर, टाकू का? यातल्या फार थोड्या प्रश्नांना खरोखर माझी गरज होती. बाकीच्यांना फक्त कोणाची तरी 'हो' हवी होती, आणि 'हो' म्हणायचा हक्क टीममध्ये एकट्या माझ्याकडे होता.

मग एकेक हक्क सोडत गेले. दोन अनुभवी सहकाऱ्यांपैकी कोणीही रिव्ह्यू केला की कोड मर्ज होईल, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळेल, माझ्या मंजुरीची गरज नाही. कामांचा क्रम सोमवारी सगळ्यांसमोर ठरेल आणि लिहून ठेवला जाईल. मधेच काही बदलायचं असेल तर ज्याला बदल हवा त्याने तो सगळ्यांना सांगायचा. डिप्लॉयचं, म्हणजे नवा कोड प्रॉडक्शनवर चढवायचं, वेळापत्रक टीमने स्वतः लावायचं. हे सगळं बसायला जवळपास चार महिने लागले. मधे एकदा चुकीचं बिल्ड (सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती) प्रॉडक्शनवर गेलं, वीस मिनिटं लॉगिन बंद होतं. त्या संध्याकाळी सगळे हक्क परत माझ्याकडे घ्यावेत असं फार वाटलं. नाही घेतले. ज्याच्या हातून चूक झाली त्यानेच दुसऱ्या दिवशी तपासणीची एक पायरी वाढवली. ती मला कधी सुचली नव्हती.

एक गोष्ट मात्र सोडू नका, प्रत्येकाशी होणारं वैयक्तिक बोलणं. वेळ नाही म्हणून मीही आधी तेच रद्द करायचे. पण कोण थकलंय, कोण दुसरीकडे मुलाखती देतंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, हे तिथेच कळतं. आणि एक जण अचानक सोडून गेला की पुढचे तीन महिने तुमचे जातात.

आता जरा अवघड भाग. तुम्ही लिहिलंय, 'खरं काम रात्री सुरू होतं.' खरं काम म्हणजे कोड, बरोबर? मीही रात्री कोडच लिहायचे. टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे कोडच्या चाचण्या पास झाल्या, की दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटायचं. दिवसभर माणसांशी बोललेलं कुठे दिसत नाही, मोजता येत नाही. पण मी रात्री लिहायला घेतलेल्या एका मॉड्यूलसाठी टीममधली एक मुलगी तीन दिवस खोळंबून होती, आणि मी मॅनेजर म्हणून ती बोलतही नव्हती. त्यानंतर मी ठरवलं की कोड लिहीन, पण ज्यावर कोणाचंच काम अडलेलं नाही असाच. छोटी टूल्स, जुन्या टेस्टची डागडुजी. ते दिवसा, आणि जमलं तरच.

त्याच काळात एकदा ताईचा फोन आला होता. ती तिच्या तपासणीचे रिपोर्ट सांगत होती, मी 'हं, हं' करत होते आणि समोर चॅटवर कोणाला तरी उत्तर देत होते. मधेच ती थांबली. म्हणाली, 'तू टाइप करतेयस ना?' रागावली नव्हती. नुसतं विचारलं, आणि मग 'होऊ दे तुझं, नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला. काय उत्तर देत होते ते आज मला आठवत नाही. तिचा आवाज आठवतो.

शरीराकडेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट'ची नोंद आजार म्हणून केली नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून केली, आणि तिची तीन लक्षणं दिली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. 'मीच कमी पडतोय का' हा तुमचा प्रश्न त्या तिसऱ्याच्या फार जवळचा वाटला, म्हणून हे लिहितेय. झोप उडाली असेल, सकाळी उठताना छातीवर ओझं वाटत असेल, तर टीमची घडी बसायची वाट न पाहता आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

आणि वरच्यांशी बोलायचं ते 'मला खूप ताण आहे' एवढंच सांगून थांबू नका. त्यावर ते सहानुभूती दाखवतात आणि पुढच्या आठवड्यात नवं काम देतात. मी चालू असलेल्या सगळ्या कामांची यादी घेऊन गेले, ती १७ निघाली. विचारलं, 'यातली कुठली सहा आधी हवीत? बाकीची मी थांबवतेय.' त्यांनी पाऊण तास घेतला, पण निवडली. इतकी कामं एकाच वेळी चालू आहेत हे त्यांनाही माहीत नव्हतं.

रिलीजच्या आठवड्यात अजूनही रात्री जातात, ते लपवत नाही. प्रॉडक्शन बिघडलं तर कोणीतरी उठायलाच हवं, पण ते दरवेळी तुम्हीच असायचं कारण नाही. आठ जण आहेत, आठवड्याची पाळी लावा, आणि पाळीवाल्याची रात्र मोडली तर दुसऱ्या दिवशी त्याला उशिरा येऊ द्या. पाळीत स्वतःचंही नाव घालायचं असेल तर घाला, नवव्या आठवड्यात.

सुरुवात वहीपासून करा, उद्या सकाळीच. आणि हक्क सोडताना आधी रिव्ह्यूची मंजुरी सोडा. ती सगळ्यात सोपी जाते, आणि टीममधल्या अनुभवी लोकांना बहुतेक वेळा ती केव्हाची हवी असते.